पाणंद कुणाची?

विंडोज १० ला कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नारळ दिला. मशीन धडधाकट, पण विंडोज ११ म्हणतं, तुझा प्रोसेसर म्हातारा. मग कोडोलीकरानं करायचं काय? वारणानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं हाकेच्या अंतरावर. त्यातला एक पेनड्राइव्ह घेऊन येतो, विंडोजशेजारी उबुंटू लिनक्स बसवतो, चहा पितो आणि जातो.

परीक्षा संपल्यावर गावालाही जातो.

मग कधीतरी घरातल्या कुणाला तरी जागा कमी पडते. विंडोजमध्ये एक 'अनोळखी' पार्टिशन दिसतं. कशाला ठेवायचं? उडवा! पुढच्या वेळी मशीन उघडतं ते काळ्या पडद्यावर. 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोन शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. 'रेस्क्यू' म्हणे! कोण कुणाला वाचवणार?

दुकानात न्या. निदान तयार असतं, तपासणी नंतर. 'फॉरमॅट मारावं लागंल.'

सर्दी असो की कॅन्सर, औषध एकच.

खरं तर बिघडलेलं असतं किती? जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये मशीन सुरू करणारा कोड राहतो, तोही जेमतेम ४४६ बाइट्सचा. युनिकोड मराठीत दीडशे अक्षरंही त्यात मावत नाहीत. तो कोड आपलं उरलेलं बिऱ्हाड ज्या पार्टिशनवर शोधतो, तेच तुम्ही उडवलंत. बाकी लग्नाचे फोटो, जीएसटीचे हिशेब, पोरीचा प्रोजेक्ट जागच्या जागी.

म्हणजे दोघा भावांतल्या थोरल्याचं, विंडोजचं, शेत शाबूत, सामाईक पाणंद तेवढी बुजली. आणि उपाय काय? उभा ऊस पेटवून द्या!

पाणंद बुजवण्यात थोरल्या भावाचा हात जुना. लिनक्स आधी आणि विंडोज नंतर टाकलंत, तर विंडोज त्या ४४६ बाइट्सवर बिनदिक्कत आपलं नाव लिहीत असे. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम जाणकार अजून सांगतात. नव्या यूईएफआय मशीनवर दोघांच्या सुरुवातीच्या फायली एकाच छोट्या पार्टिशनमध्ये शेजारी-शेजारी नांदतात. तिथं भांडण उरलं फक्त पहिल्या नंबरचं. सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबा, बूटच्या यादीत उबुंटू वर घ्या. बरेचदा काम एवढंच असतं.

एवढ्याचे पैसे कोण मागणार? म्हणून फॉरमॅट.

१३ ऑगस्ट २०२४ ला तर कहर झाला. मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचं अपडेट सोडलं. दोन सिस्टीम असलेल्या मशीनला हे लागणार नाही, असं सांगून सोडलं. लागलं! जगभर लिनक्सवाल्यांच्या पडद्यावर 'काहीतरी भयंकर बिघडलंय' अशा अर्थाचा संदेश उमटला आणि मशीन बंद. तात्पुरता इलाज, सुरक्षेसाठीचं सिक्युअर बूटच बंद करा. पक्की दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये.

सुरक्षेसाठी सुरक्षा बंद. नऊ महिने.

लिनक्सवाल्यांनी लगेच हसू नये. मशीन सुरू करणाऱ्या त्यांच्या ग्रबनं २०२१ मध्ये, २.०६ आवृत्तीपासून, शेजारच्या सिस्टीम शोधायचं काम मुळातूनच बंद करून ठेवलं. कारण? सुरक्षा. अनेकांच्या यादीतून विंडोज गायब झालं. सेटिंगच्या फायलीत एक ओळ घाला, ग्रब ताजं करा, विंडोज परत. पण ती ओळ कुठली, हे विचाराल तर आधी मॅन्युअल वाचलं का, असा उलटा सवाल येतो. मोफत वस्तूसोबत अपमानही मोफत.

घड्याळाची तर वेगळीच तऱ्हा. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. सकाळी साडेदहाला दुकान उघडावं, तर विंडोज म्हणतं पहाटेचे पाच. साडेपाच तासांचा हा फरक एका आज्ञेनं मिटतो. तरी लोक मदरबोर्डचा सेल बदलून आणतात.

सेलवाल्याचंही पोट आहे म्हणा.

आणि बिटलॉकर, विंडोजनं डिस्कला घातलेलं कुलूप? सिक्युअर बूटला हात लावला की ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. किल्ली बरेचदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खातं कुणाच्या नावानं? चहा पिऊन गेलेल्या त्या पोराच्या!

तेव्हा उबुंटूचा पेनड्राइव्ह फेकू नका. लिनक्सचं पार्टिशन शाबूत असेल, तर त्यावरूनच मशीन सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतं, 'बूट-रिपेअर' नावाचं अवजारही आहे. पण आधी फायलींची प्रत काढा. काढणार नाही, माहीत आहे.

बाकी या भागाला संगणकाचं कौतुक कुणी सांगू नये. १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प वारणेतच आला. ७० गावं, जागोजागी संगणक केंद्रं, देशभर गाजावाजा. गावातल्या केंद्रांचा खरा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींपुरता. मग संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरचे एसएमएस वापरून पाहिले. स्वस्त पडलं, सोयीचं ठरलं, शेतकऱ्यांनाही जास्त आवडलं. २००७ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. संशोधक कुणाचे?

मायक्रोसॉफ्टचे.

विंडोज विकणाऱ्यांनीच वारणेत येऊन सांगितलं, संगणक राहू द्या. त्या साध्या फोनात दुसरी सिस्टीम टाकायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून तो चाललाही.