पिशवीच्या ऑपरेशननंतर सगळ्यांना खूश कसं ठेवावं

टाके अजून ओले आहेत आणि "नाटकं करते" असं कुणी म्हणेल याची धाकधूक त्याहून ओली आहे? मग तुमची तयारी उत्तम आहे. पुढचं आम्ही शिकवतो.

१. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "मस्त!" हेच उत्तर. डॉक्टरांनाही. बिचारे घाईत असतात, उगाच हिरमोड कशाला? रात्री ताप येतो, पट्टी भिजते, हे केस पेपर मिटल्यावर, दारातून बाहेर पडताना आठवायचं.

२. डिस्चार्जच्या कागदावर 'सहा आठवडे जड उचलू नये' असं असतं. तो फ्रीजवर चिकटवू नका, सासूबाईंना टोमणा वाटेल. शिवाय पाण्याची कळशी जड, असं त्यात लिहिलंय कुठे?

३. भेटायला येणारे. हा धडा नीट गिरवा. मंडळी शहाळी, सफरचंदं आणि स्वतःच्या ऑपरेशनच्या कहाण्या घेऊन येतात. बेल वाजली की गाऊन बदला, केस विंचरा, पोटाशी धरलेली उशी लपवा. "तू पडून राहा गं" असं त्या म्हणतील. हे खरं मानणाऱ्या कच्च्या! एका हातानं पोट धरून दुसऱ्यानं आलं किसा. "अगं, कशाला?" म्हणत पाहुणीनं दुसरा कप घेतला की तुम्ही पास. "आम्ही आठव्या दिवशी विहिरीवर धुणं धूत होतो" असं एखादी म्हणेलच. लगेच ओशाळा. कशाबद्दल, ते विचारू नका.

४. थोडं विज्ञान. अमेरिकेतल्या ओहायोमधला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर मुद्दाम छोटीशी जखम केली होती. ती भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले. अशी जबाबदारी नसलेल्या, त्याच वयाच्या बायकांची ३९.३ दिवसांत भरली. ताणात कॉर्टिसॉल वाढतं आणि जखम सांधणाऱ्या पेशी रेंगाळतात. म्हणजे तुम्हाला वरचे नऊ दिवस मिळाले! तेवढ्यात उन्हाळ्याचे पापड होतात.

५. दुखण्याची गोळी मोरीत जाऊन घ्या.

६. टाका उसवलाच तर घाबरू नका. आधी ह्यांना विचारा, आज ऑफिसात काम आहे का. असलं तर शनिवारचं बघा. अगदीच रिक्षा बोलवावी लागली, तर निघताना शेजारणीला सांगून जा: कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि वरणात हिंग राहिलाय.