उसातलं प्रेम, तळ्याकाठचं प्रेम

न्हावऱ्याची माणसं सिनेमा बघत नाहीत, सिनेमाचा पंचनामा करतात. घोडगंगा साखर कारखाना गावातच असल्यामुळे असेल; वजन आणि उतारा पाहिल्याशिवाय इथं कशालाच भाव मिळत नाही. अशा घरात ‘सैराट’ (२०१६) आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धडक’ (२०१८) लागोपाठ लावण्याचं धाडस मी केलं. परीक्षक दोन : काका आणि आत्या.

‘सैराट’ला मुळातच घरच्या मैदानाचा फायदा. दौंडला सोलापूरची गाडी धरली की भिगवणच्या पुढं जेऊर, म्हणजे दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं गाव. त्यामुळे पडद्यावर ऊस दिसताच काका प्रेमिकांना सोडून उसाकडे वळले. हा वाण ८६०३२ की २६५, यावर त्यांचं स्वतःशीच भांडण जुंपलं आणि तेवढ्यात परश्या-आर्चीचं जमलंसुद्धा. आर्ची ट्रॅक्टरवर आली तेव्हा मात्र ते पुढं सरकून बसले.

“पाय बघ तिचा. क्लचवर ठिवून दिलेला नाय. पोरीला येतंय चालवाया.”

आर्ची झालेल्या रिंकू राजगुरूला त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. काकांचा हा उल्लेख त्याहून दुर्मीळ आहे, कारण तो त्यांनी सख्ख्या मुलालाही अजून दिलेला नाही.

आत्याचा पिक्चर मध्यंतरानंतर सुरू झाला. हैदराबादची झोपडपट्टी, पत्र्याची खोली, पाटलाच्या लाडक्या लेकीला तिथं जीव नकोसा होणं, मग तिनं बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाणं. “पळून जायला काय लागतंय? खरं लगीन हितनं पुढं,” असं म्हणत ती सरसावून बसली. आणि शेवटी माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात, आर्ची हरखून चहा टाकायला वळते, तेव्हा आत्या टीव्हीला ओरडून सांगत होती, “अगं, च्या नगं टाकू! आधी दार लाव!” शेवट तिला ठाऊक होता. तरीही दर वेळी ती सांगते आणि दर वेळी आर्ची ऐकत नाही.

मग ‘धडक’. शशांक खेताननं गोष्ट उचलून उदयपूरला नेली. तळं, हवेल्या, सगळं कसं धुऊन-पुसून ठेवलेलं. जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर बिचारे जीव तोडून पळतात, तेही कोलकात्यापर्यंत. पण काकांना बराच वेळ ट्रॅक्टर दिसेना आणि शेतही दिसेना.

“ह्यांच्यात काम कोण करतंय?”

“पोराच्या वडलांचं हॉटेल आहे,” मी म्हणालो.

आत्यानं मान वर केली. “हाटेल हाय? मग बरं चाललंय की! पोरीच्या बापाला अडचण काय?”

“पोरगा खालच्या जातीचा म्हणतात.”

“कंच्या?”

“ते नीट सांगत नाहीत.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काट्यावर गाडी उभी आणि पावतीवर आकडाच नाही, अशी ती नजर होती. मंजुळेही जातीवर भाषण करत नाहीत म्हणा. पण मुलगी पाटील आणि मुलगा मासे धरणाऱ्या काळ्यांचा, एवढं कळलं की आमच्याकडे उरलेला सिनेमा न बघताही सांगता येतो. न्हावऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या नव्या माणसाला पाणी नंतर विचारतात, आडनाव आधी.

‘धडक’नं शेवटही बदलला. तिथं नवरा आणि मूल जातात, पोरगी जिवंत राहते. आत्याला हे ‘सैराट’च्या शेवटाहून वाईट वाटलं. ‘झिंगाट’ गाण्याची चाल मात्र अजय-अतुलनी हिंदीतही तीच ठेवली. पण आमच्या वरातीत हिंदी ‘झिंगाट’ लावून पाहा, घोडासुद्धा थांबेल.

वातावरण फारच जड झालं म्हणून मी जपानची गोष्ट काढली. युकिओ मिशिमाची ‘शिओसाई’ ही कादंबरी १९५४ची. तिच्यावर जपान्यांनी १९५४, १९६४, १९७१, १९७५ आणि १९८५ असे पाच वेळा सिनेमे काढले. पोरगा बेटावरचा गरीब कोळी. पोरगी जहाजांच्या मालकाची, तीही समुद्रात बुड्या मारणारी.

“म्हंजी आपलाच परश्या,” काका म्हणाले. “कुणी मारला?”

“कुणीच नाही. पोरीच्या बापानं पोराला आपल्या जहाजावर कामाला धाडलं. तुफानात सगळे कचरले, हा दोर घेऊन समुद्रात उतरला आणि जहाज वाचवलं. बाप म्हणाला, पोरगा कामाचा आहे, देऊन टाकू.”

“निस्तं काम बघून?”

“निस्तं काम बघून.”

आणखी एक मसाला माझ्याकडे होता. १९७५च्या ‘शिओसाई’तली जोडी, मोमोए यामागुची आणि तोमोकाझु मिउरा, यांनी पुढं १९८०मध्ये खरोखरच लग्न केलं. आत्या हे ऐकून इतकी खूश झाली, की मीच मध्यस्थी केल्यासारखं माझ्याकडे बघायला लागली. काकांनाही सासरा पटला होता. जावई पारखून घ्यावा तर असा, असं ते दोनदा म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं,

“त्या पोरीचं आडनाव काय म्हणालास?”

“मियाता.”

“आणि पोराचं?”

“कुबो.”

“बरं. मियाता म्हंजी आपल्यात कोण?”