छोटी गाडी कशी पारखावी: वाशी आवृत्ती

साहित्य: शिंप्याची टेप एक, गुडघे दुखणारी ज्येष्ठ व्यक्ती एक, आत्या दोन (आत्या न मिळाल्यास काकू चालेल), कुरकुरं मूल एक, परदेशवारीची मोठी सूटकेस एक, पाण्याची अर्धी भरलेली बाटली एक आणि हापूसच्या रिकाम्या पेट्या तीन. पेट्या एपीएमसीच्या फळबाजाराच्या आसपास सापडतात. हंगाम नसेल तर पुठ्ठ्याची खोकी घ्यावीत.

एवढं लटांबर घेऊन शोरूममध्ये शिरताना लाज वाटेल, ती वाटू द्या. माहितीपत्रकातली गाडी रिकामी असते. फोटोतसुद्धा तिच्यात एक सडपातळ जोडपं बसलेलं असतं आणि ते कुठल्याशा दीपगृहाकडे निघालेलं असतं. वाशीतली गाडी एक तर माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेली असते, नाही तर पार्किंगमध्ये उभी असते. तेव्हा पारखायची ती भरलेली गाडी आणि उभी गाडी. मधली, मोकळ्या रस्त्यावर भरधाव सुटलेली गाडी जाहिरातवाल्यांना लखलाभ.

उमेदवार चारच ठेवावेत: मारुतीच्या वॅगन आर आणि स्विफ्ट, ह्युंदाईची ग्रँड आय10 निऑस, टाटांची टियागो. बलेनो, आय20, अल्ट्रॉझ यांच्याकडे नवशिक्याने मान वळवून पाहू नये. ‘अजून फक्त दीड लाख’ हे वाक्य तीन वेळा ऐकलं की माणूस हॅचबॅक बघायला येऊन एसयूव्हीचं कोटेशन घेऊन घरी जातो.

या चौघी एकमेकींच्या चुलतबहिणी का वाटतात, हे आधी समजून घ्या. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची सरकारी व्याख्या आली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत. व्याख्येत बसाल तर कर कमी. तेव्हापासून इंजिनांचे आकडे बाटाच्या किमतींसारखे दिसू लागले. स्विफ्ट 1197, निऑस 1197, टियागो 1199. वॅगन आरचं मोठं इंजिनही 1197 च, शिवाय गरिबाघरचं म्हणून 998 चं एक आहे. सगळ्यात आखूड वॅगन आर 3655 मिलिमीटर, सगळ्यात लांब स्विफ्ट 3860. फरक वीतभर. या वीतभर फरकावर घराघरांत महिना-महिना चर्चासत्रं चालतात.

पूर्वी असं नव्हतं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढे कित्येक वर्षं मध्यमवर्गापुढे दोनच पर्याय होते: 800 घ्यायची किंवा थांबायचं. 1998 मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि पिंपरीची इंडिका एकाच वर्षात आल्या, पुढच्या वर्षअखेरीस वॅगन आर आली आणि तुलना नावाचा घरगुती खेळ सुरू झाला. इंडिकाची तर कल्पनाच तुलनेतून जन्मली होती. बाहेरून झेनएवढी, आतून अँबेसेडरएवढी, किंमत मारुती 800 च्या आसपास आणि खर्च डिझेलचा, असं रतन टाटांनी सांगून ठेवलं होतं. स्वतःचा एकही आकडा न सांगता गाडीचं इतकं नेमकं वर्णन नंतर कुणाला जमलेलं नाही. त्याच घरातल्या टियागोचं नाव आधी ‘झिका’ ठरलं होतं. 2016 मध्ये त्याच नावाचा विषाणू जगभर गाजला आणि बारसं व्हायच्या आतच पोरीचं नाव बदलावं लागलं.

असो. टेप काढा.

पहिलं माप गाडीचं घेऊ नये, सोसायटीच्या पार्किंगमधल्या दोन खांबांमधलं घ्यावं. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि तिने खाडीपलीकडे शहर वसवायला घेतलं, तेव्हा रहिवाशाकडे फार तर स्कूटर असेल असा हिशेब होता. जुन्या सेक्टरांतल्या इमारतींत आजही तोच हिशेब नांदतो, फक्त स्कूटरच्या जागी गाडी आणि गाडीशेजारी अजून एक गाडी. वॅगन आरची रुंदी 1620 मिलिमीटर, टियागोची 1677, निऑसची 1680 आणि स्विफ्टची 1735. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात साडेअकरा सेंटिमीटरचं अंतर आहे. शोरूमच्या चकचकीत फरशीवर हे अंतर कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री साडेदहाला, शेजारच्याने गाडी तिरकी लावलेली असताना, तुमच्या पोटाचं आणि दाराच्या कडेचं नातं मात्र यावरच ठरतं. दार पूर्ण उघडून त्यातून ऐटीत उतरण्याचा सराव करू नका. तो प्रसंग येणार नाही. दार वीतभर उघडा, श्वास आत घ्या आणि तेवढ्या फटीतून बाहेर पडून दाखवा. जमलं नाही तर गाडी तरी बदला, नाही तर आहार.

(2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं, की पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. त्या दिवशी वाशीतल्या कितीतरी सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आपण एकाएकी सरकारी अधिकारी झाल्यासारखं वाटलं असणार.)

आता गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला पुढे आणा. समजा ती आई आहे. तिला काही विचारू नका. विचारलंत तर ‘छान आहे हो, तुम्हाला आवडली ना’ एवढंच ऐकायला मिळेल. तिच्याकडे फक्त बघत राहा. गाडीशी पाठ करून ती आधी टेकते, मग मान वाकवून डोकं आत घेते आणि शेवटी दोन्ही पाय एकदम आत ओढते. वॅगन आरची उंची 1675 मिलिमीटर आहे आणि सीट जवळजवळ घरच्या खुर्चीच्या पातळीला येते, म्हणून तिथे हे सगळं एका दमात होतं. स्विफ्ट आणि निऑस 1520 च्या घरातल्या, टियागो जराशीच वर. तिथे आई बसत नाही, खाली उतरते. बाहेर येताना तिचा हात दाराच्या वरच्या कडेकडे गेला, तर त्या गाडीच्या नावापुढे फुली मारा. तोंडातून ‘आई गं’ निघालं तर फुली शाईने मारा. वाशीत या वयाची, या गुडघ्यांची माणसं घरोघरी आहेत. सोसायट्यांच्या आवारात इतक्या वॅगन आर दिसतात त्या काही लोकांना तिचा चेहरा आवडतो म्हणून नव्हे.

मग दोन आत्यांना मागे बसवा आणि मध्ये मूल. वॅगन आरमध्ये डोक्यावर अख्खा माळा मोकळा आहे, पण खांद्यांची मारामारी होते. उंचीला दिलं ते रुंदीतून काढून घेतलं आहे. स्विफ्टमध्ये खांदे सुखात असतात. खिडकीची कडा मात्र मागे वर चढत जाते, त्यामुळे धाकट्या आत्याला बाहेरचं काही दिसत नाही आणि ती मोठीच्या सुनेबद्दल बोलायला लागते. निऑसला आणि नव्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना मागच्या सीटसाठी एसीचे झरोके आहेत. मे महिन्यात वाशीहून दादरला जायचं असेल तर ही चैन समजू नका, कौटुंबिक शांततेची तरतूद समजा.

डिकी. इथे नवशिक्याला हमखास फसवतात, म्हणून जरा थांबू. कागदावर वॅगन आरची डिकी 341 लिटर, स्विफ्टची 265, निऑसची 260 आणि टियागोची 242. आता सेल्समनला विचारा, ‘सीएनजीमध्ये?’ त्याचं हसू किंचित आखडेल. वॅगन आर किंवा स्विफ्टची सीएनजी आवृत्ती घेतलीत तर डिकीत एक लठ्ठ टाकी आडवी झोपलेली असते. वामकुक्षी घेणाऱ्या काकांना जसं उठवता येत नाही, तसंच तिला. उरलेल्या जागेत लॅपटॉपची बॅग, छत्री आणि फार तर अर्धी पेटी आंबा. टाटांनी 2023 मध्ये टियागोत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी पाडल्या आणि वर सामानाला जागा ठेवली. पुढच्या वर्षी ह्युंदाईनेही निऑसमध्ये तेच केलं. तुमच्या तीन पेट्या चारही सीएनजी गाड्यांच्या डिकीत ठेवून पाहा. पेट्रोलमध्ये पहिली आलेली वॅगन आर इथे मागच्या बाकावर जाते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: सीएनजी भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं असतं. म्हणजे आई, दोन्ही आत्या आणि मूल प्रत्येक वेळी पंपावर रांगेत उभे. गुडघ्यांची परीक्षा तिथेही होते.

टेस्ट ड्राइव्हसाठी सेल्समन तुम्हाला पाम बीच रोडला नेईल. तो रस्ता परातीसारखा सपाट आहे, तिथे बैलगाडीसुद्धा मर्सिडीजसारखी चालेल. नम्रपणे नकार द्या. आधी सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवरच्या स्पीडब्रेकरांवरून पाचही जणांना घेऊन जा आणि बूड घासतं का ऐका. मग बेलापूरला पारसिक हिलचा चढ. एसी चालू ठेवून अर्ध्या चढावर गाडी थांबवा आणि पुन्हा उठवून दाखवायला सांगा. वॅगन आरचं 998 चं इंजिन इथे देवाचं नाव घेतं. घाटातून गावी जाणाऱ्यांनी 1197 चंच घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. परत येताना सिग्नलला बाटली कपहोल्डरमध्ये ठेवा आणि पाण्याकडे बघा. 2024 पासून स्विफ्टचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, टियागोचं तर आधीपासूनच. त्यांच्यात पाण्यावर बारीक तरंग उठतात. चार सिलिंडरच्या निऑसमध्ये पाणी बऱ्यापैकी गप्प असतं. मला स्वतःला ते गप्प पाणी आवडतं, पण आमच्याकडे माझं मत विचारण्याची पद्धत नाही.

ॲव्हरेजबद्दल फार बोलायला नको. पत्रकात स्विफ्टचे 24.80 किलोमीटर लिहिले आहेत ते खोटे नाहीत, फक्त ते प्रयोगशाळेत रुळांवर जागच्या जागी चाललेल्या गाडीचे आहेत. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे आणि तिच्या मागची टेकडी पुणेकर सकाळी फिरायला वापरतात. त्या टेकडीच्या हवेत कुणालाही ॲव्हरेज चांगलं मिळेल. वाशी पूल, मानखुर्द, चेंबूर या वाटेवर साडेनऊ वाजता जे मिळतं ते तुमचं ॲव्हरेज. एक बरं झालं, 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून वाशीच्या नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे ते पंचेचाळीस रुपये हिशेबातून वगळावेत.

दर्जा. दार लावा. ‘धप्प’ आवाज आला की काका मान डोलावतात, ‘टण्ण’ आला की ‘पत्रा पातळ आहे’ म्हणतात आणि बॉनेटवर अंगठा दाबून तो आत गेला हे सगळ्यांना दाखवतात. अंगठ्याखाली जातो तो वरचा पत्रा. अपघातात माणसाला वाचवतो तो आतला सांगाडा, आणि तो अंगठ्याने कळत नाही. त्यासाठी ग्लोबल एनकॅपवाले गाडी ताशी 64 किलोमीटरने अडथळ्यावर आदळतात. 2020 मध्ये मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी टियागोला चार तारे मिळाले, निऑसला दोन. 2022 मध्ये परीक्षा कडक झाली. त्यानंतर तेव्हाच्या स्विफ्टला एक तारा मिळाला, 2023 मध्ये वॅगन आरलाही एकच. जुन्या परीक्षेचे तारे नव्या परीक्षेच्या ताऱ्यांशेजारी ठेवून भांडू नये, शिवाय स्विफ्ट मधल्या काळात बदललीही आहे. स्विफ्ट, वॅगन आर आणि निऑस आता सहा एअरबॅगा देतात. तरीही दोन तारे आणि चार तारे यांतला फरक सीटकव्हरच्या रंगावर चर्चा करण्याआधी पाहावा, एवढं माझं म्हणणं.

किंमत शेवटी बघायची. जाहिरातीत असते ती बेस मॉडेलची, शोरूममध्ये उभं असतं टॉप मॉडेल आणि घरी येतं मधलं. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय किंवा एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अ‍ॅस्टा ही नावं पाठ करून जा, म्हणजे सेल्समन तुम्हाला ‘सर’ म्हणेल. एक्स-शोरूम किमतीवर पेट्रोलला दहा लाखांच्या आत 11 टक्के आरटीओचा कर, वर इन्शुरन्स, वर ज्यातून काहीच वगळता येत नाही असं ‘ऐच्छिक’ ॲक्सेसरीजचं पॅकेज. छोट्या पेट्रोल गाडीवर पूर्वी जीएसटी आणि उपकर मिळून 29 टक्के जात. 22 सप्टेंबर 2025 पासून ते 18 झाले. घोषणा झाली 3 तारखेला, मग लागला पितृपक्ष, 21 ला सर्वपित्री आणि 22 ला घटस्थापनेच्या दिवशी नवे दर. पितर आणि अर्थमंत्री यांचं असं एकमत पूर्वी झाल्याचं आठवत नाही. त्या पंधरवड्यात ज्याने गाडी घेतली त्याच्याशी नातेवाईक अजून सांभाळून बोलतात.

गाडी आली, एमएच 43 ची पाटी लागली, नारळ फुटला, चाकाखालचं लिंबू चिरडलं गेलं, पेढे वाटून झाले. आता फक्त एक कौशल्य उरतं: ‘केवढ्याला पडली?’ याचं उत्तर. शेजाऱ्याला एक्स-शोरूम सांगावी. सासुरवाडीला ऑन-रोड, ॲक्सेसरीजसकट. जो धाकटा भाऊ वर्षभरात हातउसने मागण्याची शक्यता आहे, त्याला किंमत सांगूच नये, फक्त ईएमआय सांगावा आणि लगेच एक सुस्कारा सोडावा. आणि ऑफिसात कुणी ‘टियागो का नाही घेतलीस?’ किंवा ‘वॅगन आर का नाही?’ असं विचारलंच, तर पेट्यांचा प्रयोग तपशीलवार सांगायला सुरुवात करावी. तिसऱ्या पेटीपर्यंत माणूस टिकत नाही.