एक फूट एक इंचाची कैफियत

आमच्या घरी मध्यम आकाराची कौटुंबिक मोटार घ्यावयाची हा ठराव मी मंडईत सुरण आणावयास गेलो असता एकमताने मंजूर झाला, आणि परत आल्यावर सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावे अशा स्वरात कुटुंबाने मला त्याची वार्ता दिली. सूचक आमचे चिरंजीव, अनुमोदक कन्या, आणि अध्यक्षस्थानी अर्थातच स्वतः कुटुंब. अकरा वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेली आमची छोटी गाडी त्या वेळी खाली दोन खांबांच्या मधोमध, कपाटात पोथी बसावी तशी बसली होती. तिची बाजू मांडावयास सभेत कोणी नव्हते.

नवी गाडी चार मीटर तेहतीस सेंटिमीटर लांब आहे. हा आकडा मला पाठ असण्याचे कारण असे की, आपल्या मुलखात मोटारीची जात तिच्या लांबीवरून ठरते. नाकापासून शेपटीपर्यंत ती चार मीटरांच्या आत असेल आणि तिचे पेट्रोलचे इंजिन १२०० सी.सी.च्या वर जात नसेल, तर सरकार तिला अज्ञान बालक समजून कनवाळूपणे वागते; वर गेली की मात्र तिला सज्ञान ठरवून तिच्या मालकाची पुरती खातरजमा करते. माझ्या खरेदीच्या वेळी धाकटीवर सगळा मिळून २९ टक्के आणि आमच्यासारखीवर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते आकडे १८ आणि ४० झाले, परंतु चार मीटरांची वेस जागची हालली नाही. वेशीबाहेर राहिलेले आमचे तेहतीस सेंटिमीटर म्हणजे जुन्या मापाने एक फूट एक इंच. एवढ्या तुकड्याचा जादा कर आणि त्याने व्यापलेली जमीन यांचा चौरस फुटाचा हिशेब मी एकदा मांडावयास घेतला होता. कोथरूडातील सदनिकांचा भाव समोर ठेवल्यावर तो पुरा करण्याचे धैर्य झाले नाही.

तोच एक फूट एक इंच पुढे घरीही उपस्थित झाला. आमच्या सोसायटीत गाड्यांच्या जागेचे पिवळे पट्टे ज्या काळी आखले गेले त्या काळी सभासदांपाशी स्कूटरी होत्या, आणि पट्टे आखणाऱ्याने दूरदृष्टी दाखवून एक फियाट मावेल इतकी जागा प्रत्येकास सोडली होती. चौथ्या दिवशी चिटणीसांचे पत्र आले की, आपल्या वाहनाचा अंश सामाईक वहिवाटीत आला असून त्याची त्वरित तजवीज व्हावी. मी टेप घेऊन खाली गेलो तर चिटणीस स्वतःची टेप घेऊन आधीच हजर होते. उभयतांनी मोजणी केली. अखेर गाडीचे नाक पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकेपर्यंत पुढे घ्यावयाचे आणि भिंतीला मुलाच्या जुन्या चपलेचा तुकडा ठोकावयाचा, असा तह झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची सर्व आयुधांनी सज्ज गाडी एका निळ्या रबरी चपलेला नमस्कार करून झोपी जाते.

या जातीच्या गाडीला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. जुनी जीप ट्रकप्रमाणे एका भक्कम शिडीवजा चौकटीवर उभी असे; मोटारीचे तसे नव्हते, तिचे अंग हाच तिचा सांगाडा. क्रॉसओव्हरचे अंग मोटारीचे आणि अंगरखा जीपचा. जमिनीपासून साडेसात इंच उंच राहून ती डोंगराकडे पाहते, पण संसार मोटारीचा करते. घोडा आणि गाढव यांच्या मीलनातून झालेल्या खेचराची पूर्वीच्या फौजांनी मोठी कदर केली. ते घोड्याइतके दिमाखदार नसे, पण घाटात ओझ्याखाली बसकणही मारीत नसे. आमच्या वर्गाला हे जनावर मानवले यात मला नवल वाटत नाही. दुकानदाराच्या पडद्यावर ती वाळवंटातून धूळ उडवीत चालली होती. आमच्याकडे तिने पहिले आठ महिने शाळा, बँक आणि मंडई हा त्रिकोण सोडला नाही.

पेट्रोलाबद्दल मात्र मी कोणास दोष देत नाही. आमच्या घरामागील वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली मोटारसंशोधनाची संस्था आहे, आणि सकाळी फिरावयास जाणारे लोक त्या भागाला एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखतात. लिटरमागे किती किलोमीटर हा जाहिरातीतला आकडा ज्या अधिकृत चाचणीतून निघतो ती चाचणी बंद दालनात फिरत्या रुळांवर होते: चाके धावतात, गाडी जागची हालत नाही. आकडा बरोबरच आहे. खोट आहे ती कर्वे रस्त्यात, जेथे गाडी हालत नाही हे खरे, पण चाकेही हालत नाहीत.

वैशाखात गुहागरास मामांकडे जाण्याचे ठरले तेव्हा गाडीच्या शौर्याची परीक्षा होणार म्हणून मुले हरखली. माझी परीक्षा आदल्या रात्रीच सुरू झाली. गाडीच्या मागील कप्प्याचे माप कंपन्या लिटरांत देतात. आमचा कप्पा चारशेच्या वर लिटरांचा आहे. दूध लिटरांत मोजावे, रॉकेल मोजावे, पण दोन बॅगा, एक वळकटी, मामींसाठी घेतलेले स्टीलचे पिंप आणि आईची ‘असू दे, वाटेत लागेल’ या सदरात मोडणारी सात बोचकी लिटरांत कशी मोजावयाची, याचा खुलासा पुस्तिकेत नाही. कुटुंबाने शांतपणे पिंपात बोचकी भरली, पिंप वळकटीत गुंडाळले, आणि जी जागा उरली तीत माझे कपडे बसले नाहीत म्हणून ते मांडीवर घेण्याची मला मुभा दिली. गाडी मी चालवणार होतो, ही गोष्ट तिच्या ध्यानात आणून द्यावी लागली.

मुळशीच्या जलाशयाकडेने आम्ही ताम्हिणी घाटात शिरलो. आमच्या गाडीच्या छपराला काचेची मोठी खिडकी आहे. ज्या देशात होळी झाली की माणूस सावली शोधत भिंतीच्या कडेने चालतो, त्या देशात छपराला भोक पाडून त्यासाठी जादा पैसे मोजण्याची बुद्धी आम्हांस का झाली, याचा उलगडा कन्येने पडदा सरकवला आणि ऊन थेट माझ्या टकलावर उतरले तेव्हाही झाला नाही. कुटुंबाने गाडीला आज्ञा केली, “ए.सी. वाढव, आणि आवाज कमी कर.” गाडीला मराठी कळते असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. गाडीने क्षणभर विचार केला आणि कमलमावशीला फोन लावला. पुढची पाच वळणे कमलमावशी चारी दिशांच्या कर्ण्यांतून आपल्या गुडघ्यांची हकिकत सांगत आमच्याबरोबर घाट उतरत होत्या; ताम्हिणीत मोबाइलची रेंज जाते, या गोष्टीबद्दल मी पूर्वी कुरकुर केली असेल तर ती येथे बिनशर्त मागे घेतो.

परंतु घाटातला खरा प्रसंग निराळाच. गाडीच्या कपाळाशी एक डोळा आहे आणि तो रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा पाहतो. वळणाचा दिवा न लावता आपण रेषा ओलांडू लागलो की चालकास डुलकी लागली असे समजून गाडी स्टिअरिंग आपल्या हातातून हळूच ओढून घेते आणि पुन्हा रेषांच्या आत आणून सोडते. ज्या मुलखात रेषा आणि खड्डे यांची एकमेकांशी ओळख आहे तेथे ही सोय उत्तमच असणार. येथे समोर परातीएवढा खड्डा. मी उजवीकडे वळवू लागलो. गाडीने मातृवात्सल्याने मला पुन्हा डावीकडे ओढले आणि ठीक त्या खड्ड्यात नेऊन घातले. पिंप वाजले. मागे आई “राम राम” म्हणाली. दुसऱ्या खड्ड्यालाही तसेच झाले. तिसऱ्यापासून मला युक्ती सापडली: खड्डा दिसला की रीतसर दिवा लावून त्यास आगाऊ इशारत द्यावयाची, मग तो चुकवावयाचा, मग दिवा बंद करावयाचा. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला मी प्रत्येक पन्नास पावलांवर दरीत वळतो आहे असे वाटत असावे, कारण पुढे निघून जाताना त्याने माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिले.

माणगावाहून लोणेरे, गोरेगाव, आंबेत, मंडणगड, दापोली हा टप्पा सरबत, शहाळी आणि चिरंजीवांची ओकारी यांत संपला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते आणि पलीकडच्या धोपाव्यास मोटारीसकट नेणारी फेरीबोट तेथे असते. हे दाभोळ म्हणजे बहामनी काळातले नामांकित बंदर; अरबस्तानातून गलबतांत घालून आणलेले घोडे येथे उतरत आणि येथून घाट चढून वर जात. त्याच धक्क्यावर माझ्या गाडीच्या दस्तऐवजात नमूद असलेले एकशे तेरा घोडे मला बोटीवर चढवावयाचे होते, आणि तेही उलटे, कारण बोटीवरच्या माणसाने तसा हुकूम केला. मी गाडी मागे घेऊ लागलो. तिच्या चहूअंगांना जे अदृश्य पहारेकरी आहेत त्यांना डावीकडे लोखंडी कठडा दिसला, उजवीकडे मासळीचा टेम्पो दिसला, मागे एक सायकल आणि तिच्यावर बांधलेली कोंबड्यांची डालगी दिसली, आणि सर्वांनी एकदम आकांत मांडला. पडद्यावर तांबड्या रेघा नाचू लागल्या. कोंबड्यांनी साथ धरली. मी ब्रेक दाबण्यापूर्वी गाडीने तो आपणच दाबला, आणि पुढची दोन चाके धक्क्यावर, मागची दोन बोटीच्या फळीवर अशी ती त्रिशंकूसारखी उभी राहिली.

“साहेब, तिचं ऐकू नका, माझ्याकडे बघा!” बोटवाला ओरडला. अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, हातात काही नाही. नुसत्या तर्जनीने त्याने मला डावे, उजवे, सरळ, थोडे, आणखी थोडे असे बारा जणांच्या डोळ्यांदेखत मागे ओढून घेतले आणि गाडीच्या बगलेवर थाप मारून थांबवले. कठडा आणि आरसा यांच्यामध्ये चार बोटे जागा होती. मी मोजली.

मामांनी बत्तीस वर्षे एस.टी.वर चालकी केली. १ जून १९४८ रोजी नगर ते पुणे धावलेली पहिली एस.टी. त्यांनी पाहिलेली नाही, पण तिचा उल्लेख घरातील मूळ पुरुषाप्रमाणे करतात. आम्ही देवळापाशी गाडी थांबवली तेव्हा ते काठी घेऊन उभेच होते. त्यांनी एक प्रदक्षिणा घातली, चाक काठीने वाजवले, वाकून पोटाखाली पाहिले.

“चारी चाकांना जोर आहे काय रे हिच्या?”

“नाही मामा, पुढच्या दोनच.”

“मग मागची दोन कशाला?”

मला उत्तर सुचले नाही. “सोबतीला,” आई मागून म्हणाली.

मामांच्या घरापर्यंत पाखाडी जाते. दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे, मधली वाट बैलाला पुरेल एवढी. आमची गाडी, आरसे दुमडूनही, पाच फूट साडेदहा इंच रुंद. डोंगर, नदी, वाळवंट यांसाठी घडवलेले ते वाहन देवळाच्या पिंपळाखाली चार दिवस उभे राहिले, त्याच्यावर कावळ्यांनी जे करावयाचे ते केले, आणि आमचे चारशे लिटर सामान माझ्या आणि मामांच्या गड्याच्या डोक्यावरून घरी गेले. पिंप माझ्या वाट्यास आले.

निघताना मामींनी तीस नारळ, आगळाच्या चार बाटल्या, आंबोशी आणि दोन फणस दिले, एक कापा आणि एक बरका. बरका पिकत आला होता. “पुण्यापर्यंत टिकेल,” मामी म्हणाल्या, आणि टिकलाही असता. परंतु परतीच्या वाटेवर ताम्हिणीत रस्त्यावर एक माकडीण पिलाला पोटाशी धरून बसली होती, ती माझ्याआधी गाडीला दिसली, आणि गाडीने आपल्या अधिकारात कचकन ब्रेक लावला. माकडीण वाचली, हे मी गाडीच्या बाजूने प्रामाणिकपणे नमूद करतो. मागे तीस नारळ एकदम बरक्यावर गेले.

ते गरे आम्ही खरवडून, पुसून, धुऊन काढले असा आमचा समज होता. पाऊस लागून तीन आठवडे झाल्यावर गाडी देखभालीस नेली. तेथील पोराने मागील कप्प्याची फळी उचलली, खालचे जादा चाक बाहेर काढले, खळग्यात पाहिले आणि मला हाक मारली. चाकाच्या खाली, ओलाव्यात, फणसाच्या एका आठळीला बोटभर कोंब फुटला होता.

“साहेब, हे टाकू की ठेवू?” त्याने विचारले.

मी ती आठळी रुमालात बांधून घरी आणली आणि गॅलरीतल्या कुंडीत लावली. आज सकाळी मोजले. रोप नऊ इंच झाले आहे.