शर्करा, साखर आणि शुगर

रशियन माणूस साखरेला ‘साखर’च म्हणतो, हे कळल्यापासून मी नगर जिल्ह्यात कुणाला धड चहा पिऊ दिलेला नाही. कपात चमचा फिरला की मी सुरू. मूळ संस्कृत शर्करा, म्हणजे खडे, वाळू. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. स्पॅनिशांनी अरबीतलं ‘अल’सुद्धा सोडलं नाही, तेही चिकटवून आसूकार केलं. इंग्रज लिहितो ‘स’ आणि म्हणतो ‘श’. आपण मूळच्या ‘श’चाच ‘स’ करून मोकळे. एवढं होईतो चहावर साय धरते.

विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी 1950 साली सहकारी कारखाना चालू केला. त्या जिल्ह्यातला मी. साखरेवर बोलायचा हक्क मला जन्मतःच मिळालाय. ऊस म्हणाल तर आमच्या कुंडीतही नाही.

हिंदीवाल्यांवर मात्र माझा खास राग. साखरेला ते चिनी म्हणतात! अहो, साखर करायची विद्या शिकायला तांग सम्राट ताइझोंगने 7व्या शतकात मगधात माणसं धाडली होती. शिकवलं आपण, बारसं चीनच्या नावाने. खडीसाखरेला मिश्री, म्हणजे ती मिसरची, इजिप्तची. आपला ‘खंड’ तिकडे जाऊन कँडी झाला, आणि नातू वाण्याकडे कँडीच मागतो. खडीसाखर दिली तर म्हणतो, ही देवळातली.

डॉक्टरांनाही मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, “ते राहू द्या, उपाशीपोटीची किती आली?” तेव्हापासून आमच्याकडे डब्यात असते ती साखर आणि रक्तात असते ती शुगर. डब्याची किल्ली हिच्याकडे.

परवा पाथर्डीच्या स्टँडवर ऊसतोडीला निघालेल्या एका बाईंना विचारलं, “टोळीत किती जण?” “दहा कोयते.” म्हणजे वीस माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मिळते तीही कोयत्याला. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकरी थापते; हिशेबात ती अर्धा कोयता. स्पेनपर्यंत पोचलेल्या माझ्या विद्वत्तेला हा शब्द पाथर्डीत कधी दिसला नव्हता. मला राग आला, आणि या वेळी तो हिंदीवाल्यांवर काढता येईना.

तेव्हा वाचकहो, यंदा कोयत्याला उचल किती पडली, ते आधी कुणाला तरी विचारा. आसूकारचं मी नंतर सांगतो.