तुकाराम (१९७३)

वाक्याच्या मधेच कंस करून लेखकाचं नाव आणि साल घालायची पद्धत एका गोगलगायीपासून सुरू झाली असं मानतात. १८८१ साली हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञानं बागेतल्या बिनशंखी गोगलगायीच्या अंड्यांवर भलामोठा प्रबंध लिहिला आणि त्यात हे कंस वापरले. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण मार्कसाहेबांच्या कानावर गेली असण्याची शक्यता नाही. पण केलं त्यांनी तेच. पानाच्या पायथ्याशी सुखानं नांदणारी तळटीप उचलली आणि वाक्याच्या पोटात कोंबली. तिचं अजीर्ण मला मुडबीत झालं.

मुडबी म्हणजे बसवकल्याण तालुक्यातलं होबळीचं, म्हणजे महसुली मंडळाचं, गाव. बिदर जिल्हा इथं संपत येतो आणि गुलबर्ग्याची हद्द जवळ येते. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बसस्टँडवर दख्खनी. मी कॉलेजात मराठी शिकवतो. बढती हवी तर शोधनिबंध हवा, म्हणून सीमाभागातल्या भजनांवर एक लिहिला. आमच्याकडं एकाच रात्री तुकोबांचा अभंग, बसवण्णांचं वचन आणि माणिकप्रभूंचं पद ओळीनं म्हटलं जातं. टाळ तेच, मृदंग तोच. विषयाला तोटा नव्हता. संपादकांचं उत्तर आलं : आशय उत्तम, संदर्भ तेवढे 'एपीए'च्या सातव्या आवृत्तीप्रमाणे करून पाठवावेत.

ही एपीए म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना. १९२९ साली त्यांनी लेखकांसाठी सात पानांच्या सूचना काढल्या. २०१९च्या सातव्या आवृत्तीत त्या चारशे पानांच्या वर गेल्या आहेत. मानसशास्त्रज्ञांना स्वल्पविराम तिरका की सरळ याची एवढी काळजी का वाटावी, यावर खरं तर कुणीतरी मानसशास्त्रीय निबंध लिहायला हवा.

भाच्यानं कॉम्प्युटरवर संदर्भ लावून देणारं झोटेरो टाकून दिलं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली निघालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भारी कामसू आहे. फक्त माणसाला आडनाव असतंच, आणि ते शेवटीच असतं, अशी त्याची समजूत. 'तुकाराम महाराज' लिहिलं तर सूचीत 'महाराज, टी.' उमटलं. 'संत तुकाराम' लिहिलं तर 'तुकाराम, एस.' झालं. नामदेव आणि निळोबा दोघेही 'महाराज, एन.' झाले, आणि वारकरी संप्रदाय महाराज आडनावाच्या एकाच खटल्यातल्या भावकीनं चालवला असावा असं चित्र उभं राहिलं. हुमनाबादच्या माणिकप्रभूंचं 'प्रभू, एम.' झालं. लाडवंतीला जन्मलेला, मराठी, कन्नड, हिंदुस्थानीत पदं रचणारा आमचा अवलिया एका क्षणात म्हापशाचा रहिवासी झाला. नावासाठी एकच रकाना ठेवायची सोय झोटेरोत आहे म्हणतात. ती भाच्याला सापडेपर्यंत मी सगळे संत हातानं दुरुस्त केले होते.

मग साल. शासनानं छापलेल्या गाथेची १९७३ची प्रत माझ्याकडं आहे, म्हणून लेखात जागोजाग '(तुकाराम, १९७३)' आलं. वाचणाऱ्याला वाटावं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर तुकोबा लिहायला बसले. यावर नियमात तोड आहे : तिरपी रेघ मारून आधी मूळ प्रकाशनाचं साल द्या. पण मूळ प्रकाशन कुठलं धरायचं? शंकर पांडुरंग पंडितांची गाथा मुंबईत १८६९ला निघाली, ते? की इंद्रायणीत वह्या बुडाल्या ती पहिली आवृत्ती आणि वर आल्या ते पुनर्मुद्रण? चारशे पानांत याचा खुलासा नाही.

भजनी मंडळाच्या बाडावर साल होतं 'फसली १३५७'. हा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि त्याचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. रकान्यात मावतं एकच साल. 'कृपया साल स्पष्ट करावे,' असा शेरा आला. त्या सालात आमच्याकडं स्पष्ट काय होतं? देश स्वतंत्र, राज्य निजामाचं, बाहेर रझाकार आणि शेवटी सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन. तेवढ्यात कुणीतरी शांतपणे बसून पदं उतरवून काढली, हेच नवल.

गावांच्या नावांचा घोळ निराळाच. गुलबर्ग्याचं १ नोव्हेंबर २०१४ला कलबुर्गी झालं. जुन्या पुस्तकाला जुनं नाव द्यायचं की नवं? त्यात बसवण्णांच्या वचनांचा खंड संपादित केलेला एम. एम. कलबुर्गींनी. 'लेखकाच्या जागी शहराचे नाव पडले आहे,' असाही शेरा आला. मी सगळी गावं निस्तरून काढली आणि मग वाचलं की सातव्या आवृत्तीनं प्रकाशनस्थळ मुळातूनच काढून टाकलंय.

तीन किंवा जास्त लेखक असले की लेखात पहिल्याचं नाव देऊन पुढं 'व इतर' लिहायचं, हाही नियमच. आमच्याकडं लग्नपत्रिकेवर 'बिरादार व इतर' छापून बघा. इतर तर येणार नाहीतच, बिरादारही आहेर परत मागतील.

सगळ्यात गंमत म्हणजे हे कंस मी सोडवत बसलो ते विज्ञानेश्वराच्या तालुक्यात. कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य विक्रमादित्याच्या काळात त्यानं 'मिताक्षरा' ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली. इंग्रजांची कोर्टं बंगालकडचा भाग सोडून बहुतेक हिंदुस्थानात हिंदूंच्या वाटण्या या टीकेच्या आधारानं करत. तिच्यातली संदर्भाची तऱ्हा काय? मनू असं म्हणतो. दुसऱ्या एका स्मृतीत असं आहे. पान नाही, साल नाही, प्रकाशक नाही. शास्त्रकारांचं 'केचित्' तर याहून वरचढ : 'काही जण म्हणतात.' कोण काही जण? विचारायची सोय नाही, आणि एवढ्यावर भाऊ-भाऊ वेगळे निघाले! पुढं पां. वा. काण्यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिताना या सगळ्यांचा पत्ता तळटिपांतून हुडकून दिला. झोटेरो नव्हतं, १९६३ला भारतरत्न मात्र मिळालं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक नियम मात्र मला अजून पचलेला नाही. निबंधातली निम्मी माहिती आमच्या गल्लीतल्या अप्पांची. कुठलं पद कुणाच्या तोंडून आलं, कुठली चाल कुठल्या जत्रेत बदलली, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. एपीएच्या मते हा 'व्यक्तिगत संवाद'. तो लेखात कंसात यावा, शेवटच्या सूचीत येऊ नये. कारण वाचकाला तो मिळवून पडताळता येत नाही. अप्पा संध्याकाळी साडेसहानंतर मारुतीच्या पारावर कुणालाही मिळतात. पण पाराला इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, तो डीओआय, नाही.

छापलेला अंक त्यांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी शेवटचं पान वरून खाली बोटानं तपासलं.

"सर, हितं माझं नाव कुठाय?"

"आत आहे अप्पा, सातव्या पानावर. कंसात."

"म्हंजे पुस्तकवाले भाईर मोकळे, आन् मला कंसाच्या तुरुंगात घातलाव म्हणा की!"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, एपीएपाशीही नसावं.

वाचकहो, तुमच्या घरात भजनाचं जुनं बाड असेल तर पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा : कुणी उतरवलं, कुणाकडून ऐकलं, गाव कोणतं, साल कोणतं. शके चालेल, फसली चालेल, 'मोठ्या पुराच्या वर्षी' हेही चालेल. स्वल्पविराम कुठं द्यायचा ते आम्ही बघून घेऊ.