उपक्रमे

कंपनी मोठी असो की मध्यम, तिच्यात एक उपक्रमे असतोच. आमच्याकडेही आहे. त्याचं खरं आडनाव वेगळं, पण पगारपत्रक सोडलं तर ते आता कुठेच वापरात नाही. हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत तो टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो. चूक सापडली तर लिहिणारा रुसतो, नाही सापडली तर ग्राहक ओरडतो; तेव्हा या कामात कुणी पाठ थोपटण्याची सोय नाही. मीटिंगमध्ये उपक्रमे बोलायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात दुसरं कुणी तरी बोलू लागतं. ऑनलाइन मीटिंगला तर तो अर्धा वेळ म्यूटवरच बोलत असतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण जून उजाडू दे. ५ जूनचा पर्यावरण दिन आला की हाच माणूस सगळ्या कंपनीला ‘वृक्षमित्रांनो’ असा मेल टाकतो. मागोमाग एक एक्सेल शीट येतं. नाव, रक्तगट, टी-शर्टचा साइझ, बसमध्ये कुठे चढणार (वाकड पूल की चांदणी चौक), पोहे की उपमा. उपम्यापुढे कुणीच खूण करत नाही, तरी तो रकाना दर वर्षी असतो. लोकांना निवड दिली की ते वेळेवर येतात, असं उपक्रमेचं मानसशास्त्र आहे.

शनिवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी बस थांबते आणि उपक्रमे खिशातून शिट्टी काढतो. ज्यांच्या केबिनबाहेर आपण आठवडाभर वेळ मागत घुटमळतो ते व्हाइस प्रेसिडेंट शिट्टी ऐकून रांगेत उभे राहतात. “सर, घमेलं एका हाताने नको, दोन्ही हातांनी धरा,” उपक्रमे सांगतो. आणि सर धरतात! त्यांची पत्नीसुद्धा हे दृश्य पैसे देऊन बघेल. उपक्रमे मात्र ते फुकट बघतो आणि त्या बळावर पुढचे अकरा महिने मीटिंगा सोसतो.

यामागे सरकारचाही हातभार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. कायद्यात पैशाची सक्ती आहे, घामाची नाही. ती राहिलेली सक्ती उपक्रमे करतो.

१४ जूनला रक्तदान. त्या दिवशी तर त्याची सत्ता निरंकुश. कोण किती वरच्या पदावर आहे याला तिथे किंमत नाही. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान साडेबारा, एवढंच बघायचं. मागे त्याच्याच टीम लीडचं हिमोग्लोबिन कमी भरलं. उपक्रमेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “प्रयत्न चांगला होता. थोडी तयारी कमी पडली. पुढच्या वेळी नक्की विचार करू.” हीच तीन वाक्यं त्या टीम लीडने एप्रिलमध्ये उपक्रमेच्या अप्रेझलला वापरली होती. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

तरी समाजाचं नेमकं किती भलं झालं, हा प्रश्न उरतोच. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आम्ही भिंती रंगवायला गेलो. मुख्याध्यापक बाई अनुभवी. म्हणाल्या, “रंगवा हो, पण हलक्या हाताने. गेल्या वर्षी एका बँकेने रंगवली, त्याआधी एका औषध कंपनीने. थर इतके चढलेत की खिडकी लागत नाही.” मग मुलांना हात धुवायला शिकवू का, असं विचारल्यावर त्यांनी एका चिमुरडीला पुढे केलं. तिने आम्हालाच सगळ्या पायऱ्या क्रमाने करून दाखवल्या. “काकांनी नखं नाही घासली,” असा शेराही मारला. काका म्हणजे आमचे फायनान्सचे प्रमुख.

उपक्रमेच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे १ मे २०१८. पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोचली होती. त्या महाराष्ट्र दिनी शहरातल्या लोकांनी ‘जलमित्र’ होऊन गावात श्रमदानाला यायचं होतं. उपक्रमेने आमची बस नेली. सलग समतल चर म्हणजे काय, पाणी उतारावर पळायच्या आधी त्याला कसं अडवायचं आणि जिरवायचं, हे त्याने बसमध्ये माइकवर इतकं सोपं करून सांगितलं की मागच्या बाकावरचे पत्तेसुद्धा थांबले. हाच तो मीटिंगमधला मुका माणूस. गावात आमच्या सरांनी कुदळ उचलली, तेव्हा शेजारच्या आजींनी ती हातातून काढून घेतली. “दे इकडं लेकरा, पायावर मारून घेशील.” खोदलं बरंचसं गावानेच. आम्ही पाट्या उचलल्या आणि फोड मिरवले.

उपक्रमेच्या पदरात काय पडलं याचा हिशेब मात्र चोख लागतो. बसवाल्याशी घासाघीस, वन खात्याची परवानगी, ग्रामपंचायतीचं शिक्क्याचं पत्र, हे सगळं त्याला जमू लागलं. गेटवरच्या सिक्युरिटीपासून फायनान्सपर्यंत सगळे ओळखू लागले. लॅपटॉप बिघडला तर आमचा तिसऱ्या दिवशी येतो, त्याचा जेवणाच्या सुट्टीत. समुद्रकिनारा साफ करताना ओळख झालेल्या दोघांचं लग्न झालं, त्यात पहिल्या रांगेतली खुर्ची याची. एकदा त्याची बायको टेकडीवर आली होती. नवऱ्याला शिट्टी मारत रांगा लावताना बघून तिने मला हळूच विचारलं, “हे आमच्याकडचेच ना?”

“फोटोसाठी करतो,” असं ऑफिसात म्हणणारे आहेत. करतोच. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. उपक्रमे आधी फोटो काढतो आणि मग झाडतो. पण झाडतो. मला त्यात वावगं दिसत नाही. ज्याला यात स्वतःला काहीच मिळत नाही, तो दुसऱ्या वर्षी येत नाही, हे मी शीटवरच्या नावांवरून सांगतो. फोटो झाला की आमचा सगळा जथा मिसळीकडे पळतो. तेव्हा हा मागे राहून एकेक रोप पुन्हा उकरतो, कारण निम्म्या इंजिनिअरांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट लावलेलं असतं. मार्चमध्ये कॅन घेऊन पाणी घालायला तोच जातो. सोबत चला म्हणून टाकलेल्या मेलला वृक्षमित्रांकडून उत्तर येतं, ‘डेडलाइन आहे रे.’ जगलेल्या झाडांचंही त्याच्याकडे शीट आहे, पण ते तो वर पाठवत नाही. वरच्या फॉर्ममध्ये ‘लावलेली झाडं’ एवढाच रकाना आहे.

अप्रेझलला मॅनेजर दर वर्षी लिहितो, ‘नेतृत्वगुण उत्तम. मूळ कामाकडे लक्ष द्यावे.’

यंदा मात्र नवल झालं. एचआरने त्याला बोलावून कंपनीच्या सामाजिक उपक्रम खात्यातच पूर्णवेळ घेतो म्हणून सांगितलं. पद मोठं, पगार जास्त, स्वतंत्र केबिन, टेस्टिंगमधून कायमची सुटका. तो पाच मिनिटांत बाहेर आला.

“काय ठरलं?”

“नको म्हणालो.”

“वेडा आहेस का? का?”

“त्या खात्याला शनिवार-रविवार सुट्टी असते.”